जास्तीची ताकद

माझ्या आतड्याला सूज आहे हे लोहाऱ्यात कळलं आणि ज्याला त्याला माझ्या प्रतिकारशक्तीची काळजी पडली. शेजारणीनं च्यवनप्राश धाडला. सासूबाई लिंबावरची गुळवेल तोडून रोज काढा उकळू लागल्या. सासरे म्हणाले, "पोरीत ताकदच न्हाय." मी मुकाट्यानं प्यायचे आणि मनातल्या मनात चडफडायचे, कारण दुखणं नेमकं उलटं होतं.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून मला समजावलं होतं. रक्तात पांढऱ्या पेशी राखणीला फिरत असतात. त्यांच्या अंगावर चिकटायचे रेणू असतात, आणि आतड्यातल्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर त्यांना धरायला जागा. पेशी तिथं चिकटते, थांबते, भिंतीतून आत शिरते. माझ्याकडं त्या झुंडीनं शिरतात आणि शत्रू नसताना माझंच आतडं सोलून काढतात. औषध त्या रेणूंवर जाऊन बसतं. पेशी मरत नाही, तिला चिकटायला मिळत नाही, म्हणून ती पुढं निघून जाते. मी मेंढ्या राखणाऱ्या घरची लेक. कुसळ लोकरीला कसं धरतं ते मला कुणी शिकवायला नको, त्यामुळं मला हे लगेच पटलं.

हे औषध सलाईनमधून, ठरल्या वेळी घ्यावं लागतं. गेल्या पावसाळ्यात घरच्यांचं ऐकून मी एक खेप चुकवली. काढा मात्र चुकवला नाही. रक्त पडायला लागलं. मी शाळेत शिकवते; फळ्यावरचं गणित अर्धं टाकून पळावं लागायचं. बाईंनी आता घरीच बसावं, अशी शाळेत कुजबुज सुरू झाली. कसंबसं सावरले, पण तेव्हाच ठरवलं की वर्ग सोडायचा नाही आणि त्यासाठी खेपही चुकवायची नाही.

परवा पुन्हा सलाईनसाठी सोलापूरला जायचा दिवस होता. मी पिशवी भरली तर सासरे दारातच बसलेले.

"सूनबाई, नगं जाऊ. त्या सुईनं मानसाची ताकद जाती म्हनत्यात."

"मामा, ताकद कमी न्हाय माझी, लई झालीया. ती माझ्यावरच उठलीया."

"आसं कुठं आसतंय व्हय?"

"माझ्या पोटात आसतंय."

सासूबाई पेला घेऊन आल्या. सात वर्षांच्या संसारात मी त्यांच्या हातचं काही नाकारलं नव्हतं. त्या दिवशी पेला घेतला आणि त्यांच्या देखत तुळशीजवळच्या मोरीत ओतला. त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण मी पिशवी उचलली.

"आन् तिकडं कायबी झालं तर?" सासरे उठून उभे राहिले. "आमाला इचारायचं तरी."

"म्या इचारत न्हाय, मामा. सांगतीया. आतडं माझं हाय."

ते बाजूला सरकले नाहीत. मीच अंग चोरून बाहेर पडले, चपला घातल्या आणि जीपच्या थांब्याकडं निघाले. परवानगी द्यायचीच असेल तर परत आल्यावर देतील.