खोड न सांगता विकलेली गांडुळं

माझ्या जीवशास्त्राच्या सरांनी मला फसवलं. शेणात न टिकणारी गांडुळं त्यांनी मला शेणखतासाठी विकली, आणि ती टिकणार नाहीत हे त्यांना विकतानाच माहीत होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या भागात गांडूळखताचं वारं शिरलं होतं. मी मंगळवार पेठेत भाड्याच्या गाळ्यात जुनी पोती आणि पिंपं विकायचो. बाप जनावरांच्या बाजारातला दलाल. त्यानं मला दिलं काय, तर एक पंचा आणि त्या पंच्याखाली बोटं धरून भाव करायची अक्कल. बाकी सगळं मी मिळवलेलं. शिवाजी पेठेत थोरल्या भावाच्या घरामागं परडं होतं आणि त्याला तिथं पिठाची गिरणी टाकायची होती. मी भांडून ते खतासाठी दिवाळीपर्यंत मागून घेतलं.

तो म्हणाला, "दिवाळीला खत दिसलं तर परडं तुझं. न्हाय दिसलं, तर पिंपं उचलायची आणि परत त्वांड उघडायचं न्हाय."

गाळ्यातून सुटायला माझ्याकडं तेवढी एकच जागा होती.

सर तोवर निवृत्त झाले होते. दर रविवारी घरी गांडूळशेतीचा वर्ग घ्यायचे आणि बी म्हणून गांडुळं विकायचे. शाळेत पाठीचा कणा नसलेले प्राणी त्यांनीच आम्हाला शिकवले. आधी अंगभर छिद्रं असलेले स्पंज, मग पोकळ पिशवीसारखा जलव्याल, मग चपटे कृमी, गोल कृमी, आणि त्यानंतर अंगावर वलयं असलेले. गांडूळ आणि जळू एकाच संघात. क्रम चुकला की डस्टर फेकून मारायचे. झोपेतून उठवलं तरी मी तो क्रम म्हणून दाखवेन.

सरांच्या अंगणात दोन टाक्या होत्या. एकीत तांबूस, बारीक, वळवळणारी गांडुळं आणि त्यांचा भाव चढा. दुसरीत करड्या रंगाची, बोटासारखी जाड. मी जाडातलं एक उचलून बघितलं. मानेजवळ फुगीर पट्टा होता. पट्टा आला की गांडूळ अंडी घालायच्या वयाचं झालं, हेही सरांनीच शिकवलेलं.

"ही द्या," मी म्हणालो.

"ही?" सरांनी तांबूस गांडुळांच्या टाकीकडं बघितलं.

"वलयं हायत, पट्टा हाय, अंगानं दुप्पट हाय. गांडूळच की हे!"

"गांडूळच आहे," सर म्हणाले.

मी पंचा पसरला. सरांनी हसत हसत त्याखाली हात घातला. बोटाबोटानं मी भाव पाडत नेला. आमच्या बाजारात बोटं सोडण्याआधी घेणारा एकदा विचारतो, खोड काय? म्हैस लाथ मारत असेल, पान्हा चोरत असेल, तर विकणाऱ्यानं तिथंच सांगायचं. लपवली तर जनावर परत आणि बाजारात तोंड काळं. मी विचारलं, "खोड काय, सर?"

"अरे लेका, गांडुळाला कसली खोड? ना डोळे, ना कान!"

वर्गाला आलेली माणसं खो-खो हसली. मीही हसलो आणि बोटं सोडली.

परड्यात पिंपं आडवी कापून त्यांत शेण आणि पालापाचोळा भरला, गांडुळं सोडली, वर ओली पोती टाकली. काही दिवसांनी पोती उचलून बघितलं, तर कडेला थोडी वाळून मेलेली आणि बाकीची पसार. दिवाळीला भाऊ टेप घेऊन गिरणीचं माप काढायला आला. "काय रं, कुठं गेला तुझा शेतकऱ्याचा मित्र? एसटी धरून चंदगडला का काय?" मी त्याच्यासमोर एकेक पिंप उचललं. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

रविवारच्या वर्गात माझ्याबरोबर असलेल्यांनी बारीक गांडुळं नेली होती. त्यांच्याकडं खताचे ढीग पडले. मी तडक सरांच्या दारात गेलो. त्यांनी सगळं फळ्यावर लिहिल्यासारखं सांगितलं. बारीक तांबूस जात वरच्या कुजक्या पाल्यात आणि शेणात राहते. जाड करडी जात खोल बिळं करते, माती खाते. माझी गांडुळं त्यांनी शेताचा बांध खणताना गोळा केली होती. "शेणाच्या धगीत ती राहत नाहीत," म्हणाले.

"मग विकली कशाला?"

"तूच मागितलीस. भाव पाडायच्या नादात होतास."

"मी खोड विचारली हुती."

"तो काय म्हशीचा बाजार होता?"

"हात कुणाचा हुता पंच्याखाली?"

"तू शाळेतपण अर्धंच ऐकायचास!"

माझं डोकं फिरलं. फाटकात उभा राहून मी स्पंजापासून जळवेपर्यंत सगळे संघ ओरडून म्हटले. शेजारी बाहेर आले. "ह्यात शेणातलं वेगळं आणि मातीतलं वेगळं, हे कवा शिकवलासा? सांगा!" सरांनी दार लावून घेतलं.

भावाची गिरणी आजही चालते आणि मी आजही भाड्याच्याच गाळ्यात आहे. सरांचा वर्गही चालू आहे. सर, मला गांडुळं बदलून नकोत. येत्या रविवारी, त्याच टाक्यांजवळ, वर्गातल्या माणसांदेखत सांगा: तुमचा हात माझ्या पंच्याखाली होता तेव्हा खोड तुम्हाला माहीत होती की नव्हती? आणि माहीत होती, तर मी विचारल्यावर हसलात का?