दोन खोल्या आणि तीन ड्यूक

आमच्या अप्पांनी घाटकोपरच्या दोन खोल्यांचं राज्य तीन मुलांत वाटलं, तेव्हा मी आठवीच्या वर्गाला युरोपातले ड्यूक शिकवत होते. माझं नशीबच तसलं आहे. शाळेत जे शिकवावं, ते घरी येऊन बघावं लागतं.

ड्यूक हा प्रकार मला मनापासून आवडायचा. माणूस म्हणून नव्हे, माणूस म्हणून त्यातले बहुतेक नगच होते. पण शिकवायला झकास. बाप आयुष्यभर मारामाऱ्या करून मुलूख जमवतो. म्हातारा झाला की मुलांना बोलावतो आणि नदीकाठ तुला, किल्ला तुला, जंगल त्याला, असं वाटून टाकतो. बापाने डोळे मिटले रे मिटले की तिघं एकमेकांच्या उरावर बसतात. मग त्यांच्या मुलांची वाटणी, मग नातवांची. शेवटी एखाद्याच्या वाट्याला दीड गाव आणि एक पाणचक्की उरते, तरी मिशीला पीळ आहेच, कारण हा ड्यूक. मी फळ्यावर नकाशा काढून पुसत पुसत लहान करत जायचे आणि पोरं खूश व्हायची. मुलींचं काय व्हायचं, हे पुस्तकात एका ओळीत होतं: लग्न लावून द्यायचं, नाही तर मठात पाठवायचं. ती ओळ वाचून मी पुढे जायचे.

आता आमचं राज्य सांगते. अप्पा गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेले. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. मी सगळ्यांत मोठी, छत्तिशीची, बिनलग्नाची, मुलुंडच्या शाळेत इतिहासाची बाई. माझ्या पाठचे तीन भाऊ. थोरला ट्रॉम्बेला नोकरीला, त्याची बायको आणि दोन मुलगे. मधला कुर्ल्याला रेल्वेत, त्याची बायको आणि एक मुलगी. धाकटा मढला शूटिंगच्या बंगल्यांवर लाइट ओढायचा आणि हिरॉइन काय खाते यावर आम्हाला जेवताना व्याख्यान द्यायचा. त्याचं लग्न जमत आलं होतं. मुलीच्या बापाने विचारलं, मुलाची स्वतःची जागा किती? तिथून अप्पांच्या डोक्यात वाटणीचं खूळ शिरलं.

शनिवारी मला म्हणाले, "शाळेतसून खडू घेवन ये गो." मी दोन पांढरे आणि एक निळा आणला. कशाला, ते विचारलंसुद्धा नाही.

रविवारी मटण झाल्यावर त्यांनी सगळी भांडी, पोरं आणि अंथरुणं गॅलरीत काढायला लावली. गिरणीत नवं यंत्र बसवायचं तर आधी जमिनीवर आखून घेत, तसे ते गुडघ्यांवर बसून दोन्ही खोल्या आखू लागले. मधून मधून वर बघून "हां" म्हणायचे. तिघं भाऊ भिंतीला पाठ लावून उभे होते. एरवी एकमेकांच्या टॉवेलला तोंड पुसणारी ही माणसं, पण रेघ अर्धी वीत इकडे सरकली की घसा खाकरत होती.

बाहेरची खोली थोरल्याला, कारण तो थोरला. आतली मधल्याला, पण तिच्यातली मोरी सगळ्यांची, म्हणून थोरल्याच्या मुलखातून मधल्याच्या मुलखात जायला दोन फुटांचा रस्ता सोडला. त्या रस्त्यावर कोणी टोपलीसुद्धा ठेवायची नाही. पोटमाळा धाकट्याला. पण माळ्याची शिडी उभी राहायची मधल्याच्या हद्दीत, तेव्हा मधला म्हणाला, शिडीखालची जागा धर ना मग माझ्या वाट्याची कमी. धाकटा म्हणाला, मी काय उडून जाऊ काय वर, यार? टीव्ही थोरल्याने आणलेला होता, पण ॲन्टेनाची वायर मधल्याच्या खिडकीतून यायची. मधला त्या वायरकडे बघून असा हसला की थोरल्याचा चेहरा उतरला. गॅलरीतली खाट अप्पांनी स्वतःला ठेवली. मी दारात उभी राहून बघत होते आणि खरं सांगते, मला मजा येत होती. उद्या वर्गात काय सांगू आणि काय नको, असं झालं होतं.

तेवढ्यात मधल्याची बायको म्हणाली, "आणि वन्सं?"

अप्पांनी वर पाहिलं. खडू हातातच होता. त्यांना माझी आठवणच झाली नव्हती, हे सगळ्यांना दिसलं. बापडे गोंधळले थोडे. मग म्हणाले, "तेचा काय! चार महिने हेच्याकडे, चार महिने तेच्याकडे, चार महिने धाकट्याकडे. तिका कित्याक व्हयी वेगळी जागा?"

यावर कोणी काही बोललं असतं तर बरं होतं. पण भाऊ लगेच महिने वाटायला बसले. थोरला म्हणाला, परीक्षेचे चार महिने ताई माझ्याकडे, पोरांचा अभ्यास होईल. मधला म्हणाला, वा रे वा, आणि मे महिना माझ्याकडे? सुट्टीत ती दिवसभर घरी. धाकटा म्हणाला, माझं तर नवीन लग्न, पहिलं वर्ष मला सोडा. माळ्यावर तसाही बाई माणसाला वाकून चालावं लागेल, तिची कंबर दुखते ना. माझ्या कंबरेची काळजी त्या घरात तेव्हा पहिल्यांदा निघाली.

मी हसले नाही. आत जाऊन सगळ्यांचा चहा केला. राग आलाच होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, आणि लाज कसली ते मला कळत नव्हतं. चौदा वर्षं ह्या घरात मी सकाळी पाणी भरून शाळेत गेले होते. माझ्या लग्नाची दोन स्थळं आली तेव्हा धाकटा शाळेत होता, मधल्याला टायफॉइड झाला होता, आणि नंतर कोणी विचारलं नाही. तेव्हा मला ते चालून गेलं होतं. पण मे महिन्यात मी कोणालाच नको, हे असं तोंडावर ऐकलं आणि वाट लागली माझी. दुसऱ्या दिवशी वर्गात ती मठाची ओळ आली, आणि मी एका मुलीला ती मोठ्याने वाचायला लावून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात थोरल्याने प्लायवूडची भिंत घालायचं ठरवलं. खडूच्या रेघा रोज लादी पुसताना जात होत्या आणि रोज नव्याने भांडण. भिंतीला मालकाची परवानगी लागते. मालकाचा मेहता स्टेशनजवळच्या गाळ्यात बसायचा. महिन्याच्या महिन्याला भाडं भरायला मीच जायचे, म्हणून थोरला मला बरोबर घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "ताई, तू फक्त ओळख करून दे, बोलायचं ते मी बोलतो."

बोलला तोच. अर्ज पुढे सरकवला, खाली सही त्याची. मेहत्याने चष्मा लावला, आमची जुनी वही काढली आणि म्हणाला, "भाडोत्रीची सही पाहिजे."

"अप्पांना चालवत नाही हो एवढं. मी मोठा मुलगा."

"अप्पा कोण?" मेहता म्हणाला. "भाडोत्री ह्या बेन आहेत."

थोरला हसला. त्याने खिशातून पावती काढून मेहत्यापुढे धरली. "हे काय, अप्पांचं नाव."

मेहत्याने बोट ठेवलं. पावतीवर आधी माझं नाव, मग अप्पांचं, मग आडनाव. आपल्यात असतं तसं. अप्पांना लिहिता-वाचता बेताचं येतं, पण स्वतःचं नाव ते कुठेही ओळखतात. चौदा वर्षं दर महिन्याला त्यांनी पावती हातात घेऊन मधलं नाव वाचलं होतं आणि समाधानाने डब्यात ठेवली होती. भावांची नावं लिहिताना मधे तेच नाव, शेवटी तेच आडनाव, त्यामुळे त्यांचीही नजर पहिल्या शब्दावरून घसरत गेली होती. आणि मी? मी तर रोज मस्टरवर तेच नाव लिहीत होते. मलाही त्या पावतीत काही दिसलं नव्हतं. इतिहासाची बाई!

मग मला सगळं आठवलं. खोल्या घेतल्या त्या वर्षी अप्पा एका गिरणीतून सुटून दुसरीत बदली म्हणून लागले होते, म्हणजे रोज सकाळी दाराशी उभं राहायचं आणि कोणी आला नाही तर त्याच्या जागी काम. बदलीवाल्याला मालक खोली देईना. माझी शाळेची नोकरी नुकती लागली होती. अप्पाच म्हणाले होते, तूच जा, तुझो पगाराचो कागद दाखव. मी शाळा सुटल्यावर गेले, सही केली, चावी घेऊन आले, आणि येताना कोथिंबीर आणली. घरात सगळ्यांच्या लेखी मी चावी आणायला गेले होते.

गाळ्याच्या बाहेर थोरल्याने पावतीची घडी करून खिशात ठेवली. मग त्याने विचारलं, "तू सही देशील ना, ताई?"

"बघते," मी म्हणाले. तेवढा एक शब्द म्हणताना मला काय सुख झालं ते काय सांगू. घरापर्यंत मी चालत नव्हते, मिरवत होते.

मी सही दिली, पण माझ्या नकाशावर. बाहेरची खोली माझी, आणि अप्पांची खाट गॅलरीतून आत, माझ्या खिडकीखाली. आतली मधल्याची, माळा धाकट्याचा, शिडी जिथे आहे तिथे, आणि तिच्यावरून जो बोलेल त्याने माळ्यावर राहायला जावं. थोरल्याला ऑफिसची क्वार्टर कधीची मिळत होती, घरचं फुकटचं सोडवत नव्हतं म्हणून घेतली नव्हती. ती घेतली. जाताना माझ्याशी नीट बोलला नाही. थोरल्याची बायको मात्र जाता जाता माझा हात दाबून गेली. वेगळं घर तिला हवंच होतं.

अप्पा आता माझ्या खोलीत राहत. नेहमीसारखे जेवत, पेपरातली चित्रं बघत, मी शाळेतून आले की पाय आवरून घेत. आधी कधी आवरत नसत. भाताला मीठ कमी असलं तरी गप्प. मला वाटलं, बरं झालं, कळलं एकदाचं. आठ-दहा दिवस मी त्यात खूशही होते.

एके दिवशी मी वह्या तपासत बसले होते. अप्पा काखेत टोपी धरून, हातोडी आणि एक लांब खिळा घेऊन भिंतीपाशी आले. याच घरात त्यांनी आजवर पन्नास खिळे मारले असतील, देवाला, कॅलेंडरला, आईच्या फोटोला. शेजाऱ्यांच्या भिंतीत मारायलाही कधी विचारलं नव्हतं. ते तिथे उभे राहिले. घसा खाकरला.

"टोपयेक एक खिळो मारूचो होतो," अप्पा म्हणाले. "मारू काय?"

मला आयुष्यभर वाटत होतं की कोणी तरी मला विचारावं. आता विचारलं, तर माझ्याच्याने त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी खाली वहीत बघत म्हणाले, "मारा ना, अप्पा. विचारता काय." पण ते माझं उत्तर येईपर्यंत थांबले होते, आणि उत्तर आल्यावरच त्यांनी हातोडी उचलली.