दुहेरी कापडावर कापलेलं यान

माझा उजवा पाय घोट्यात मोडला तेव्हा पनवेलमध्ये घरोघरी कॉम्प्युटर आले होते, फोन मात्र अजून बोलण्यापुरताच होता. मी आमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर घसरले. पायरी कोरडी होती. हातात कापडाचा गठ्ठा होता आणि मला घाई होती, म्हणजे चूक माझीच.

मी ब्लाउज शिवते. चौथी झाल्यावर शाळा सुटली, पंधराव्या वर्षी मशीनवर बसले, ती बसलेच. मशीन पायाचं आहे. डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे प्लास्टर, पाय टेकायचा नाही. मी विचारलं, डाव्या पायाने मशीन चालवलं तर? त्याने मुलीकडे बघितलं आणि तिलाच सांगितलं की यांना मशीनवर बसू देऊ नका.

लग्नाचे दिवस होते. घेतलेलं कापड न कापता परत द्यायची पाळी माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली. रोडपालीची एक जुनी गिऱ्हाईक पिशवी उचलताना म्हणाली, "काय गो मावशी, आमच्या पोराचं लगीन तोंडावर हाय आन् तू पाय मोडून बसलीस. आता आमी कुनाकडं जायचं?" मी म्हटलं, कोणाकडेही जा, पण अस्तर आधी पाण्यातून काढून घे, नाहीतर आटेल. ती गेली. मग बघायला काही उरलं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या डावा पाय आपोआप खालीवर व्हायचा. भाजी निवडून झाली, डब्यांची झाकणं पुसून झाली, बटणांची बरणी ओतून रंगाप्रमाणे लावून झाली. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची ढकलत ढकलत मागच्या खोलीत नेली, कारण तिथे निदान काहीतरी हलत होतं.

मागच्या खोलीत मुलीचा कॉम्प्युटर होता. मुलगी तेव्हा एकतीस वर्षांची. तिचं सासर पळस्प्याच्या पुढे. दीड वर्षापूर्वी दोन बॅगा घेऊन आली ती परत गेली नाही. मी फार विचारलं नाही, दिसत होतं तेवढं पुरे होतं. सकाळी ती एका ऑफिसचं टायपिंगचं काम घरून करायची आणि उरलेला दिवस त्या पडद्यासमोर. त्या दीड वर्षात तिने एक गोष्ट पुरी केली नव्हती. टॅलीचा क्लास अर्धा सोडला. स्वेटर घेतला, पाठ झाली आणि सुया खोक्यात गेल्या. मध्येच काहीतरी बिनसायचं आणि मग ती भिंतीकडे तोंड करून पडायची, दोन दोन दिवस.

पडद्यावर काय चाललंय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट विचारलं. ती म्हणाली, हा आकाशाचा प्रोग्रॅम आहे, ग्रहांमधून फिरता येतं. जगभरचे हौशी लोक त्यात उडवायला यानं बनवतात आणि एकमेकांना देतात.

"पैसे?"

"नाही."

"मग कशाला?"

"लोक उडवतात, आई."

मला हे पटलं नाही, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. तिने तीन यानं अर्धी करून ठेवली होती, चौथं चालू होतं. परदेशातला एक माणूस चांगली यानं निवडून त्यांचा एक संग्रह काढणार होता. त्याने हिला लिहिलं होतं की महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत पुरं झालं तर तुझंही घेतो. मला यानाशी घेणं नव्हतं. ती एक काम शेवटपर्यंत नेते का, एवढंच मला बघायचं होतं.

यानाचा सांगाडा तयार होता, सुरेख होता. फुगीर पोट, पुढे निमुळतं नाक. अडलं होतं ते वरच्या कातड्यावर. त्या कातड्याला ते टेक्श्चर म्हणतात. म्हणजे एक सपाट चित्र काढायचं, त्यात पत्रे, खिळे, डाग, आणि ते चित्र यानाच्या अंगाला गुंडाळायचं. पोटावर पत्र्याच्या चौकटी बरोबर बसायच्या आणि नाकावर गेल्या की ताणून लांबट व्हायच्या. ती आठ दिवस चौकटीच बदलत बसली होती.

मी म्हटलं, "चौकटींना काय करतेस? कापड चुकलंय. गोल अंगावर सपाट कापड एका तुकड्यात बसत नाही. कटोरी ब्लाउज कसा होतो? तुकडे जोडूनच ना?"

ती म्हणाली, "आई, हे यान आहे."

"असू दे. नाक कटोरीच आहे."

मी तिच्याकडून एका कागदावर नाक काढून घेतलं आणि कुठे टक्स येतील ते खडूने दाखवलं. तीन तुकडे, जोड खालच्या अंगाला, म्हणजे समोरून शिवण दिसणार नाही. तिने तसं कापलं. यान बनवायच्या प्रोग्रॅममध्येही कापायच्या रेघा असतात आणि त्यांनाही शिवणच म्हणतात, असं ती म्हणाली. चौकटी सरळ झाल्या. मग जोडावर काळी बारीक रेघ दिसायला लागली. मी विचारलं, रंग कुठपर्यंत दिलास? तिने रेघेपर्यंतच दिला होता. आम्ही शिवणीच्या बाहेर बोटभर जास्त कापड ठेवतो, त्याला माया म्हणतात. मी म्हटलं, रेघेच्या बाहेर रंग जाऊ दे. रेघ गेली.

त्या दिवसापासून मी तिथेच बसायला लागले. ती काम करायची आणि मी बोलायचे. ती दोनदा म्हणाली, आई, गप्प बस. मी दोनदा बसले.

आता चूक सांगते. बाह्या कापताना आम्ही कापड दुहेरी घालतो. एका कात्रीत दोन बाह्या निघतात, एक उजवी, एक डावी, आणि दोन्ही सारख्या. यानाच्या दोन बाजूही सारख्याच होत्या. मी म्हटलं, दोन्ही बाजू वेगळ्या कशाला रंगवतेस, एकच रंगव आणि दुहेरी घाल. ती म्हणाली, करतात असं. तिने केलं, अर्धं काम वाचलं. पाठवायच्या आदल्या दिवशी तिला वाटलं, यान उघडं दिसतंय, त्यावर नाव पाहिजे. तिने इंग्रजीत मोठ्या अक्षरांत यानाचं नाव आणि नंबर घातला, एक बाजू बघितली. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. मला काठी घेऊन उठायला वेळ लागायचा, म्हणून ती गेली. जाताना म्हणाली, माउस धरून यान फिरव आणि दुसरी बाजू बघून ठेव.

मी फिरवलं, बघितलं. जोड नीट होते, माया दिसत नव्हती, चौकटी अक्षरांखालून सरळ गेल्या होत्या. ती परत आली आणि तिने विचारलं, नीट आहे ना? मी म्हटलं, नीट आहे. बुधवारी तिने यान त्या माणसाला पाठवलं आणि बाकीच्यांना उतरवून घेता येईल असं नेटवरही ठेवलं.

मला इंग्रजी वाचता येत नाही. दुहेरी घातल्यामुळे नाव त्या बाजूला उलटं होतं, आरशात दिसतं तसं, आणि मला त्यात काहीही वावगं दिसलं नाही. वाचता येत नाही हे मला माहीत होतं. ते न सांगता मी नीट आहे म्हणाले.

गुरुवारी कोणीतरी त्या बाजूचा फोटो काढून सगळ्यांना दाखवला, खाली हसरे चेहरे. संग्रहवाल्या माणसाने सभ्यपणे लिहिलं की यान चांगलं आहे, पण असं घेता येणार नाही, रविवारपर्यंत दुरुस्त झालं तर बघू. मुलीने ते मला वाचून दाखवलं, कॉम्प्युटर बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मी म्हटलं, "चूक माझी आहे."

ती म्हणाली, "माहीत आहे."

शुक्रवारी ती उठली नाही. टायपिंगचं कामही तसंच राहिलं. मी पुढच्या खोलीत जाऊन आले, मागच्या खोलीत आले, पुन्हा पुढे गेले. काठीचा आवाज होत होता. चहा ठेवला, तो निवला. मला कॉम्प्युटर नुसता चालू करता येत होता. मग मी शनिवारी सकाळी ब्राउन पेपर काढला. आम्ही नवीन मापाचा ब्लाउज आधी त्यावर कापतो. तिने सुरुवातीला वहीत काढलेलं चित्र समोर ठेवून मी यानाचं कातडं कापायला बसले. या वेळी एकेरी. उजवी बाजू वेगळी, डावी वेगळी. तिच्या उशापाशी जमिनीवर बसले, प्लास्टरचा पाय लांब केला आणि मोठी कात्री घेतली. त्या कात्रीचा आवाज बाहेर गल्लीत जातो.

तासाभराने ती कूस न बदलता म्हणाली, "काय करतेस?"

"डावी बाजू."

"नाकापाशी एवढी रुंद नाहीये ती."

"मग किती आहे?"

ती उठून बसली. माझ्या हातातली कात्री घेऊन तिने कागद अर्धा बोट आत कापला. मग पुढचा तुकडा मागितला.

जरा वेळाने मी म्हटलं, एवढी खटपट कशाला, नावच काढून टाक, नाव नसेल तर उलटं काय दिसणार. मला खरंच तसं वाटत होतं. उद्या रविवार होता.

"नाही," ती म्हणाली. "नाव राहणार."

शनिवार आणि रविवार ती खुर्चीवरून जेवायला उठली तेवढीच. डावी बाजू सगळी नव्याने रंगवायची होती, खिळा न् खिळा. मी कागदाचे तुकडे हातात धरून कुठला कुठे ते सांगत होते आणि ती म्हणत होती, आई, मला दिसतंय. रविवार संपला तरी काम संपलं नव्हतं. मी म्हटलं, गेलं आता. ती म्हणाली, त्याच्याकडे अजून रविवारच आहे, आपण पुढे आहोत. हे मला कोणी शाळेत सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी काम झालं. या वेळी मी तिच्याकडून नाव एका कागदावर लिहून घेतलं आणि पडद्यावरच्या एकेका अक्षरावर बोट ठेवून जुळवलं, आधी उजवीकडे, मग डावीकडे. अक्षराचं पोट कुठल्या बाजूला, पाय कुठल्या बाजूला, तसं. दोन्हीकडे सारखं आलं. तिने ते पेनड्राइव्हवर घेतलं, आणि पाठवणार तोच भारनियमनामुळे वीज गेली. आमच्या भागात तीन तास जायची.

ती चपला घालून दारात गेली. एसटी स्टँडसमोर एक सायबर कॅफे होता, तिथे इन्व्हर्टर होता. मी म्हटलं, मी येते. ती म्हणाली, तू कशाला? मी काठी घेतली आणि निघाले. जिना मी बसून उतरले, एकेक पायरी. रिक्षावाल्याने प्लास्टर बघून विचारलं, दवाखान्यात का? मुलगी म्हणाली, नाही, लवकर चला.

कॅफेत एकच खुर्ची रिकामी होती, ती तिने घेतली. मला मालकाने स्टूल दिलं. यानाबरोबर एक चिठ्ठी पाठवायची पद्धत असते. यान कोणी बनवलं, कोणाचं काय वापरलं, काय बदललं, ते सगळं त्यात लिहायचं. ती लिहीत होती.

मी विचारलं, "काय लिहिलंस?"

तिने मराठीत सांगितलं. मॉडेल आणि रंग माझे. कापणी आईची, ती ब्लाउज शिवते. डाव्या बाजूचं नाव उलटं पडलं होतं, ते दुरुस्त केलं आहे.

"उलटं कोणामुळे पडलं?"

"ते लिहायची गरज नाही."

"लिही. दुहेरी घालायला मी सांगितलं, बघून नीट आहे म्हणाले ते मीच. माझं नाव चांगल्याला लावतेस तर तेही लाव."

तिने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. मी वाचून दाखवायला सांगितलं, तिने वाचलं. मग पडद्यावर एक निळी पट्टी आली आणि मुंगीच्या पावलाने भरायला लागली. अर्ध्यावर थांबली. मागे दोन माणसं खुर्चीसाठी उभी होती, त्यातला एक घड्याळ बघत होता. मी म्हटलं, पुन्हा येऊ या का? ती म्हणाली, नाही. मी उठले, दारापर्यंत जाऊन आले, बसले, पुन्हा उठले. ती माउसवर हात ठेवून बसून राहिली, पट्टी पूर्ण भरेपर्यंत.

मंगळवारी त्या माणसाचं उत्तर आलं. यान घेतलं होतं. मुलीने ते वाचलं, टायपिंगचं राहिलेलं काम पुरं केलं आणि दुपारी त्या तीन अर्ध्या यानांतलं एक उघडलं. पंधरा दिवसांनी माझं प्लास्टर निघालं आणि मी मशीनवर बसले.

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. बुधवार ते सोमवार या दिवसांत काही लोकांनी पहिलं यान उतरवून घेतलं होतं. मी तिला म्हटलं, त्यांना लिहून ते परत मागव. ती म्हणाली, ते कोण हे कळत नाही आणि परत मागवता येत नाही. म्हणजे कोणाकोणाच्या घरी ते अजून तसंच फिरत असणार, डावीकडे उलटं नाव घेऊन. ब्लाउज असता तर मी दारात जाऊन उभी राहिले असते आणि उसवायला घेऊन आले असते.