सकाळी कुठे जाता?

"आजी, आपण सकाळी कुठे जाता, ते जरा सगळ्यांना सांगाल का?"

भरल्या हॉलमध्ये वकिलाने मला हे विचारलं. महापालिकेच्या निवडणुकीचे अर्ज तपासायचा दिवस होता. टेबलामागे निवडणूक अधिकारी. समोर आमच्या प्रभागातले उमेदवार, त्यांचे वकील, त्यांची माणसं. मी खुर्चीच्या कडेला टेकलेली, मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी. पाठीमागे रेखा उभी. आमच्याच वस्तीतली पोर, माझ्या अर्जावर सूचक म्हणून हिचीच सही.

मी म्हटलं, "कुठे म्हणजे?"

"लाजू नका हो. अर्जात तुम्हीच लिहिलंय. सार्वजनिक शौचालय. म्हणजे बादली घेऊन रांगेत. आणि तिथून आपल्याला थेट महापालिकेच्या सभागृहात यायचंय."

हसले सगळे. माझ्यासारखाच अर्ज भरलेला एक साधा माणूस, तोही हसला. वकील ज्यांचा होता ते आमचे माजी नगरसेवक मात्र हसले नाहीत. ते मोबाइल बघत होते. हसायचं काम त्यांनी दुसऱ्यांना वाटून दिलं होतं.

"मूळच्या कर्नाटकातल्या ना आपण?" वकील पुढे म्हणाला. "मराठी मात्र छान बोलता."

माझी साठी उलटली आहे. पण त्या क्षणी मी आठ वर्षांची झाले. खरं सांगते, हॉल दिसेना. पांढऱ्या फरश्या दिसायला लागल्या.

तेही सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल.

आम्ही वडार. दगड फोडणारी माणसं. गुलबर्ग्याकडे दुष्काळ पडला, काम संपलं, तेव्हा माझे आईबाप मला काखेत मारून पुण्याला आले. विश्रांतवाडीच्या बाजूला तेव्हा खाणी होत्या, माळ होता. पुढे खाणीवरून बांधकामावर गेले. एका साहेबांचा बंगला चालला होता. जोत्याचा एकेक दगड माझ्या बापाने घडवलेला. आईने डोक्यावरून विटा वाहिल्या. वर्षभर आम्ही तिथेच पत्र्याच्या आडोशाला राहिलो, आणि वर्षभर अंधार असतानाच टमरेल घेऊन नाल्याकडे गेलो. मला नाल्याची भीती वाटायची. कुत्री असायची.

बंगल्यात संडास झाला. भिंतीला पांढऱ्या फरश्या, आतून कडी. आतून कडी ही गोष्टच मी कधी पाहिली नव्हती. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी गुपचूप आत गेले आणि कडी लावली. किती वेळ बसले कोण जाणे. कुणी बघणार नाही, कुत्रं येणार नाही. एवढंच सुख.

पाणी टाकायचं मला ठाऊक नव्हतं.

साहेबांच्या बाईंनी आम्हाला सगळ्यांना अंगणात बोलावलं. पाहुणे आले होते. बाई ओरडल्या नाहीत. आवाज चढवायची त्यांना गरज नव्हती.

"कोण गेलं होतं आत?"

मी म्हटलं, "मी नाही."

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "म्या गेलते."

"अहो, घर बांधलंत म्हणून घर तुमचं होत नाही," बाई म्हणाल्या. "एवढं कळायला हवं. आता धुऊन काढा. तीनदा. गोमूत्र मग आम्ही शिंपडू."

आईने धुतलं. हाताने. दार उघडं ठेवून, पाहुण्यांसमोर. मी दाराशी उभी. आई बाहेर आली तेव्हा मला काहीच बोलली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर आईने बंगल्याच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नाही. कुंपणाच्या भिंतीचं काम उरलं होतं, त्याच्या विटाही ती बाहेरूनच द्यायची. आणि माझ्या तोंडाला त्या 'मी नाही'ची चव राहिली. आजही आहे.

आता हॉलमध्ये परत येते.

वकिलाचं म्हणणं असं होतं. नियमाप्रमाणे उमेदवार स्वतःच्या मालकीच्या घरात राहत असेल, तर घरात संडास पाहिजे. घर दुसऱ्याचं असेल आणि आत संडास नसेल, तर सार्वजनिक वापरला तरी चालतो. माझ्या घरात संडास नाही. आणि घर माझ्या नावावर. झालं, अर्ज बाद करा.

घरात संडास का नाही, तेही ऐका. वस्तीतलं ते सार्वजनिक शौचालय आम्हीच भांडून मिळवलं. पन्नास बायका रिकामे डबे घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो होतो, त्यात मी पुढे. नंतर घरोघरी संडास द्यायची योजना आली. गल्लीतल्या प्रत्येक घराचे अर्ज मी भरले. अक्षरं मी शाळेत नाही, नोटिशींवरून शिकले, त्यामुळे सरकारी भाषा मला बरी जमते. शेवटी ठेकेदार म्हणाला, आक्का, या गटाराच्या चेंबरवर आता एकच जोडणी निघते, पुढे उतार नाही. एकतर तुमचं घर घ्या, नाहीतर समोरच्या सकूबाईंचं. सकूबाईंचा पाय साखरेच्या आजारात कापलेला. मी म्हटलं, त्यांचं कर. माझे पाय चालताहेत.

लोकांनी कौतुक केलं. आक्का आधी आमचं बघते म्हणाले. तेच कौतुक हॉलमध्ये माझ्यासमोर हरकत होऊन उभं राहिलं.

आणि घर माझ्या नावावर कसं, तर तेही आम्हीच भांडून. झोपडीचा फोटोपास, म्हणजे राहण्याचा सरकारी दाखला, बाईच्या नावावर करा, नवरा दारू पिऊन घर विकतो, बाई रस्त्यावर येते, यासाठी चपला झिजवल्या. म्हणजे बघा. बाईच्या नावावर घर केलं, ही माझी एक चूक. शेजारणीला संडास दिला, ही दुसरी.

अर्ज भरायच्या आधी रेखा मला म्हणाली होती, "आक्का, माझ्या घरातल्या संडासाच्या भांड्याचा फोटो लावू. तुझ्या घरातलं म्हणून. कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय ना," मी म्हटलं होतं.

"सगळे खोटं लिहितात गं."

"मी एकदा बोललेय खोटं. संडासावरूनच. माझ्या आईने निस्तरलं ते."

तिला काही समजलं नाही. तिला आज पहिल्यांदा सांगतेय, तुमच्याबरोबर.

तर अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "आपलं काय म्हणणं आहे?" माणूस वाईट नव्हता. थकलेला होता.

मी उठले. वकिलाकडे बघून म्हटलं, "साहेब, सकाळी मी रांगेत जाते. बादली घेऊन. माझ्या पुढे बारा बायका असतात, मागे वीस. बारा भांड्यांतली सात तुंबलेली असतात. तुमचे साहेब पाच वर्षं नगरसेवक होते, त्यांना विचारा का तुंबलीत. मला लाज वाटत नाही. ज्यांना वाटायला पाहिजे ते मोबाइल बघताहेत."

माजी नगरसेवकांनी मोबाइल खिशात ठेवला.

मग मी पिशवीतून नोटीस काढली. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या पूर्ण गल्लीला आलेली. रस्ता रुंद करायचा आहे. मी ती टेबलावर ठेवली आणि मोठ्याने वाचली. 'आपण सरकारी जागेवर अनधिकृत बांधकाम केले असून सदर जागेवर आपला कोणताही मालकी हक्क नाही.'

"साहेब," मी अधिकाऱ्यांना म्हटलं, "चाळीस वर्षं सरकार मला सांगतंय, घर तुझं नाही. आज हे वकील सांगताहेत, घर तुझंच आहे. आपण एक काहीतरी ठरवा. घर माझं नसेल, तर मी सार्वजनिकमध्ये जाते ते नियमात बसतं. अर्ज ठेवा. आणि घर माझं असेल, तर तसं लिहून द्या."

वकील म्हणाला, "आजी, हे भाषण प्रचाराला ठेवायचं होतं. फुकट गेलं." या वेळी कुणी हसलं नाही.

अधिकारी आत गेले. फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलले. आम्ही तशाच बसून राहिलो. रेखाने चहा आणला. मला वाटत होतं, अर्ज राहील. खरंच वाटत होतं. एवढी वर्षं कचेऱ्या पाहूनसुद्धा मला वाटत होतं.

दुपारी निकाल आला. अर्ज बाद.

रेखा तोंडात पदर कोंबून रडायला लागली. वस्तीतल्या बायका बाहेर फाटकाशी उभ्या होत्या, हार आणला होता त्यांनी झेंडूचा. तो हार कुणी मागे लपवला ते मला दिसलं. कोर्टात जा म्हणालं कुणी. माझ्यासाठी कोण उभं राहणार कोर्टात, आणि तोवर मतदान होऊन जाणार. या वेळची निवडणूक माझ्यासाठी संपली. माजी नगरसेवक जाता जाता मला हात जोडून गेले. "आशीर्वाद असू द्या, आजी." घर बांधलंत म्हणून घर तुमचं होत नाही. बंगल्यातल्या बाईंचा तोच आवाज. चढायची गरज नसलेला.

पण मी हलले नाही. अधिकाऱ्यांना म्हटलं, "हुकूम लेखी द्या. सही आणि शिक्क्यासकट."

"आता त्याचा उपयोग काय?" वकिलाने विचारलं. "फ्रेम करणार का?"

"हो," मी म्हटलं.

तासाभराने कागद हातात आला. मी तिथेच उभी राहून वाचला. सावकाश, बोट ठेवून, मला तसंच वाचता येतं. 'उमेदवार स्वमालकीच्या घरात राहत असून सदर घरात शौचालय नसल्याने नामनिर्देशनपत्र अवैध ठरविण्यात येत आहे.'

स्वमालकीच्या. मी पुन्हा वाचलं. मग वकिलाला ऐकू जाईल असं तिसऱ्यांदा वाचलं. त्याच्या तोंडावरचं हसू उतरताना मी पाहिलं. त्याने अधिकाऱ्यांकडे बघितलं, अधिकाऱ्यांनी खिडकीकडे. शिक्का बसला होता.

त्याने मला समाधान झालं असं समजू नका. मी हरले. आमची माणसं या शहराचे दगड घडवत आली, आणि आमच्यातली बाई सभागृहात जाऊन बसणार होती. ती आत जायच्या आधीच तिला बाहेर काढलं. कारण काय, तर संडास. आईला ज्या दारातून बाहेर काढलं, त्याच दारातून मलाही.

फरक एकच. आई घरी आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. माझ्या हातात कागद आहे.

काल आम्ही त्याच्या झेरॉक्स काढल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरात एक. रेखाने विचारलं, "आक्का, एवढ्याने घरं वाचतील?" मी म्हटलं, माहीत नाही. नाही वाचली तरी पाडणाऱ्याला आधी हे वाचावं लागेल, मी वाचून दाखवीन. आणि पुढच्या निवडणुकीत जिवंत असले तर पुन्हा अर्ज भरीन. त्यात हेच लिहीन. सार्वजनिक. खोटा फोटो लावणार नाही. मी नसले तर रेखा भरेल, आणि तीही खोटं लिहिणार नाही, तसं मी तिच्याकडून वदवून घेतलंय.

नोटिशीची सुनावणी सोमवारी आहे. अकरा वाजता.

वकिलाने विचारलं होतं, सकाळी कुठे जाता. तर सोमवारी सकाळी मी रांगेत उभी राहीन, नेहमीसारखी. मग हातपाय धुईन, हा कागद पिशवीत घालीन आणि कचेरीत जाईन. घर सोडून मात्र मी कुठेही जाणार नाही.