रूथबाईंच्या हातचा पाव

रूथबाई गेल्याचं मला मिरकरवाड्याच्या बाजारात कळलं. मी बांगडे निवडत होते. नेहमीची मासळीवाली हात थांबवून म्हणाली, "वैनी, तुमची शिवणबाई पहाटेस इस्पितळात वारली की गो! तुम्हाला ठाव नाय?" मी रात्री माहेराहून आलेली, मला कुठलं ठाऊक असणार... पिशवी तिथेच टाकून निघाले. पैसे दिले होते की नाही, तेही आठवत नाही. याला आता दोन महिने होत आले, पण त्यांच्याबद्दल लिहायला बसले की अजून आधी रडूच येतं, आणि रडूबाईंचा त्यांना भारी तिटकारा होता.

आमची भिंत एक. लग्न होऊन मी रत्नागिरीत आले तेव्हा त्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. यजमान मुंबईला गोदीत, आणि घरात त्या आणि धाकटी बहीण कुसुम. आई गेल्यावर तिला यांनीच वाढवलेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी पावाचा एकेक तुकडा खायचा, आणि त्यासाठीचा पाव रूथबाई घरी भाजत. शनिवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून पीठ आपटल्याचा आवाज सुरू झाला, की आमच्या फळीवरची भांडी वाजायची. पत्र्याचा एक चौकोनी डबा होता, त्याच्या खाली निखारे, झाकणावर निखारे. पीठ फुगायला माडाची आंबलेली माडी घालायच्या. "चालते वाटतं तुमच्या देवाला माडी?" असं मी चिडवलं, की म्हणायच्या, "पाव पितो, मी नाय पीत." उरलेल्या पिठाचा एक छोटा पाव वाटीत भाजून मला द्यायच्या. त्याचा तळ हमखास करपलेला असायचा.

कुसुमला मुंबईला नर्सिंगला घालायचं ठरलं तेव्हा तिची ट्रंक रूथबाईंनीच भरली, आणि नवऱ्याच्या खोलीचा पत्ताही त्यांनीच तिच्या हातात दिला. परक्या शहरात पोर सुखरूप राहावी म्हणून. पुढचं मी लांबवत नाही. दोन वर्षांनी कुसुम आणि त्यांचा नवरा संसार थाटून बसले आहेत, हे त्यांना शाळेतल्या बायकांकडून कळलं. मला नवऱ्याचा राग आला, पण रूथबाई बोलल्या ते कुसुमबद्दल. "तो परक्याचा मुलगा गो. हिच्या वेण्या मी घातल्यायत."

त्यानंतर त्यांनी प्रभुभोजन घेणं सोडलं. मनात कुणाचं वैर ठेवून तो पाव खायचा नाही, असं त्यांच्यात मानतात. पाव मात्र भाजत राहिल्या! स्वतः भाजलेल्या पावाचं ताट बाकावर पुढे आलं, की न घेता शेजारणीकडे सरकवायच्या. सगळे मिळून जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात क्षमेची ओळ आली की ओठ घट्ट मिटायचे. लोकांनी आपापला अर्थ लावला. ज्या अर्थी ही घेत नाही, त्या अर्थी हिच्याच हातून काही पाप घडलं असणार, नवरा काय उगाच सोडून गेला? हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी तणतणत गेले. म्हटलं, एकदाचा तो तुकडा घ्या आणि यांची तोंडं बंद करा. शिवणयंत्रावरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "लोकांसाठी खाऊ? खरंच माफ करीन तेव्हा खाईन. आणि करीनच, बघशील तू."

त्यासाठी त्यांनी जे केलं, ते मला आजही थक्क करतं. रोज सकाळी यंत्रापुढे बसून प्रार्थनेत कुसुमचं नाव घ्यायच्या. "पहिल्या दिवशी तोंडात शिवी आली," त्यांनीच सांगितलं. "तीच दिली. माझ्याकडे दुसरं होतं काय देवाला द्यायला?" पुढे शिव्या संपल्या, नुसतं नाव उरलं. मग कधीतरी, ती नीट जेवत असेल ना, असंही एक वाक्य त्यात आलं. त्या दिवशी मात्र त्या माझ्याजवळ ढसाढसा रडल्या... रडूबाईंना नावं ठेवणाऱ्या रूथबाई.

मग नवरा आखातात नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. कुसुम एकटी पडली आणि एका शनिवारी संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. मी तिथेच होते. रूथबाईंचे हात पिठात. त्यांनी पिठाचा गोळा आणखी दोनदा आपटला. शेवटी त्या म्हणाल्या, "हात धू नि मळायला ये. माझे खांदे भरून आलेत." कुसुम रडत रडत पीठ मळत होती. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, पण तिचा पदर पिठात जात होता तो मात्र खोचून दिला.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर चर्चला गेले. घरी स्वस्थ बसवेना. क्षमेची ओळ आली आणि शेजारून घोगरा, खणखणीत आवाज आला. रूथबाई म्हणत होत्या, अख्खी ओळ. ताट आलं तेव्हा त्यांनी तुकडा घेतला आणि ताट कुसुमपुढे धरलं. कुसुमने नको म्हणून मान हलवली. त्या हलल्या नाहीत. पाळकसाहेब थांबले, सगळं चर्च वळून बघू लागलं, तरी ताट तिथेच. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "घे गो. माझा हात दुखतो."

सगळं त्या दिवशी मिटलं, असं मुळीच नाही. कुसुम तिथेच राहिली, पण दोघी भांडायच्या, अबोला धरायच्या. मी एकदा विचारलंच, खरंच विसरलात का? "उसवलेलं शिवलं तरी टाका बोटाला लागतोच," त्या म्हणाल्या. "कपडा अंगात घालता येतो ना? मग झालं." सकाळचं नाव घेणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला चर्चमध्ये बेकरीतला पाव आणला म्हणे. गेल्या शनिवारी मात्र संध्याकाळी आमच्या फळीवरची भांडी वाजली. मी चुलीपाशी तशीच उभी राहिले. काही वेळाने कुसुम दारात आली, हातात वाटीतला छोटा पाव, तळ करपलेला. मला पदर डोळ्यांवरून काढवेना. ती तशीच पाव पुढे धरून उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "घ्या ना वहिनी. माझा हात दुखतो."