दाढेला सील

आमच्या घरात 'सील' हा शब्द चांगला मानत नाहीत. नवऱ्याचं बाजारात प्लास्टिकच्या सामानाचं दुकान आहे. बादल्या, टब, मग, डबे असं सगळं. आणि बाजारात सील म्हणजे एकच गोष्ट: साहेबलोक येतात, शटरला कुलूप घालतात, त्यावर कापड गुंडाळून लाख ओततात आणि निघून जातात. समोरच्या एका दुकानाला असं सील लागलेलं सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्या शब्दानं त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आणि मी दातांच्या डॉक्टरकडून आले ती चपला काढता काढताच म्हणाले, "मुलीच्या दाढांना सील लावायचंय."

सासूबाईंनी हातातली पालेभाजी खाली ठेवली आणि विचारलं, "काय केलं पोरीनं?"

पोरीनं काहीच केलं नव्हतं. तिला सातवं वर्ष लागलं होतं आणि तोंडात मागच्या बाजूला नव्या दाढा आल्या होत्या, एवढंच. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, नीट समजावून सांगणाऱ्या. त्यांनी छोटा आरसा धरून मला दाखवलं. दाढेच्या माथ्यावर बारीक, खोल खाचा होत्या. "ब्रशचा केसही आत पोचत नाही," त्या म्हणाल्या. "मावा जिलेबी मात्र पोचते." या खाचा प्लास्टिकच्या जातीचं पातळ औषध भरून बुजवायच्या, निळ्या प्रकाशाखाली ते घट्ट करायचं, म्हणजे तिथून कीड लागायची वाट बंद. सुई नाही, दात कोरणं नाही. तीन दाढा पूर्ण वर आल्या होत्या, चौथीवर अजून हिरडीचा पदर होता. ती नंतर बघू, असं ठरलं.

सासूबाईंचा निकाल लगेच लागला. "दुधाची दाढ हाय ती. पडीन अन् नवी येईन. कायले तरास देता पोरीले?"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याला कारण आहे. माझं माहेर देडतलाईचं, केळीची शेती. मी आठ-नऊ वर्षांची असताना माझी मागची दाढ ठणकायला लागली. आठवडी बाजारात जो दात काढणारा बसायचा, त्याच्याकडे मला नेलं. काढू का, असं त्यानं विचारलं तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, काढा, दुधाचीच आहे. रीतीप्रमाणे ती शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकली, म्हणजे नवी लवकर येते. मी रोज जीभ लावून बघायची. वर्षभर बघत होते. मग हळूहळू बघणं सुटलं, आणि एका बाजूनं चावायची सवय लागली ती आजपर्यंत.

त्यात कोणाची लबाडी नव्हती. चूक अगदी साधी होती, आणि आमच्याकडे ती अजून घरोघर होते. दुधाचा दात पडला, त्या जागी नवा आला, की तो पक्का, हे सगळ्यांना कळतं. पण या दाढा कोणाच्या जागेवर येत नाहीत. काही न पडता, काही न दुखता, सगळ्यांत मागे निमूट उगवतात. पडलं काहीच नाही म्हणून लोक समजतात, हीसुद्धा दुधाचीच असणार. आयुष्यभराची दाढ, आणि तिचं नावच चुकीचं पडतं. माझ्या मुलीच्या दाढेचं नाव मी चुकू देणार नव्हते, हे त्या दिवशी भाजीच्या ढिगासमोर उभं राहून मी ठरवून टाकलं.

पण ठरवणं वेगळं आणि डोळे मिटून उडी मारणं वेगळं. मी शाळेत गणित शिकवते, मला दुसरी बाजू मांडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय नवरा होताच.

"तोंडात प्लास्टिक भरायचं?" तो म्हणाला. "अन् ते पोटात गेलं तर कौन जिम्मेदार?"

"दिवसभर पोरांच्या शाळेचे प्लास्टिकचे टिफिन तुम्हीच विकता."

"टिफिन कोणी गिळत नाही."

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि आडवेतिडवे प्रश्न विचारले. बाईंनी काही झाकलं नाही, म्हणूनच माझा विश्वास बसला. लावल्या लावल्या त्या औषधाचा अगदी थोडा अंश लाळेत येऊ शकतो, म्हणून वरचा थर पुसून चूळ भरायला लावतात. पुढं काळजीचं कारण नाही, असं त्या म्हणाल्या. मला जास्त टोचलं ते दुसरंच. हे कायमचं नाही. झिजतं, टवका उडतो, लावताना लाळ लागली तर लवकर निघतं. दर सहा महिन्यांनी दाखवायला यावं लागतं. दोन दातांच्या मधल्या फटीत त्याचा काही उपयोग नाही, तिथं घासणंच. आणि त्यांना सगळ्यांत मोठा तोटा वाटत होता तो आईबापांचा: एकदा सील लागलं की लोक निर्धास्त होतात, मुलाला घास म्हणून सांगायचंही सोडतात. मी मनात म्हटलं, हा तोटा माझ्या घरात होणार नाही, माझ्या मुलीला विचारा.

घरी सासूबाईंना हे सांगताना मी तो शब्दच टाकून दिला. त्याही तापीकाठच्या शेतकऱ्याच्या लेक. मी म्हटलं, "आई, तुमच्या माहेरी ज्वारी भरायच्या आधी कणगी लिंपायचे ना?" कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची माणसाएवढी टोपली. तिच्या फटी शेणमातीनं बुजवल्या नाहीत तर धान्याला कीड लागते. "तसंच दाढेच्या फटी लिंपायच्या. कीड दोन्हीकडे एकच."

मला वाटलं, जिंकले. पण त्यांनी असा प्रश्न काढला की मी पुन्हा खाली बसले. "लिंपलं, अन् आत ओल रायली त? आत किडा असला त? मंग त सगळी ज्वारी आतल्या आत जाते. भायरून कणगी कशी झ्याक."

मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. मी तो जसाच्या तसा डॉक्टरांना विचारला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, म्हणून तर आधी दाढ साफ करून, कोरडी करून, नीट बघायची. आत खड्डा पडलेला दिसला तर नुसतं लिंपायचं नाही, आधी साफ करून भरायचं. हे उत्तर मी घरी आणलं. तरी रोज काहीतरी निघायचं. नणंदेचं लग्न आहे, मग करू. परीक्षा होऊ दे. थंडी जाऊ दे. नवरा म्हणायचा, "जल्दी काय आहे? दुखत तर नाही ना तिला." मी म्हणायची, दुखायला लागल्यावर सील लावत नाहीत. असं करता करता हिवाळा सरला.

शेवटी मी कोणाला न विचारता वेळ घेतली. सकाळी पोरीची वेणी घालताना घरात सांगून टाकलं, आज शाळा नाही, डॉक्टर. आम्ही निघालो तेव्हा सासूबाई लुगडं बदलून दारात उभ्या होत्या. "मी येते," म्हणाल्या. मदतीला की पाळत ठेवायला, ते त्यांनाच माहीत.

रिक्षात पोरीनं विचारलं, "मम्मी, सच्ची सांग, दुखेल?"

"नाही. पण तोंड उघडं ठेवून कंटाळा येईल. आणि जीभ मध्ये आणायची नाही."

तिनं ते काम फार गंभीरपणे केलं. दोन दाढा पटकन झाल्या. तिसरीपाशी डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी दिवा जवळ घेतला, टोकदार हत्यारानं हळूच चाचपलं आणि मला बोलावलं. खाचेत तपकिरी ठिपका होता, आणि तिथं टोक रुतत होतं. "ही सुरू झाली," त्या म्हणाल्या. "छोटीच आहे. पण सील नाही चालणार, भरावी लागेल."

हिवाळ्यात आलो असतो तर वाचली असती का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येणार नाही." खरंच येणार नव्हतं. आम्ही घरी बसून नफा-तोटा तोलत होतो, आणि तोलत बसण्याचा तोटा कोणी पारड्यात टाकलाच नव्हता.

सासूबाई मागे स्टुलावर होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "दुधाची नाही का ती?"

"नाही, आई."

"मंग आता गेली की गेलीच?"

"गेलीच."

त्यांचा गाल आतून हलला. जीभ स्वतःच्याच तोंडातल्या रिकाम्या जागांवर फिरत असावी. मग त्या उठल्या, पोरीच्या पायाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि दाढ भरून होईपर्यंत तिचा अंगठा धरून राहिल्या.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. काही महिन्यांनी एका दाढेच्या सीलचा टवका उडाला आणि नवऱ्याला बोलायला निमित्त मिळालं. "बघ, निकल गया ना?" मी म्हटलं, तुमच्या बादलीची कडी निघाली की गिऱ्हाईक बादली फेकतं का दुकानात आणून देतं? तो म्हणाला, दुकानात आणून देतं, आणि भांडतं. मी म्हटलं, मग मीही नेते, भांडण सोडून.

नेलं तेव्हा चौथी दाढही बघून घेतली. सासूबाई बरोबर होत्याच, आता त्यांना कोणी विचारतही नाही. हिरडीचा पदर बराच सरकला होता, पण थोडा अजून होता. डॉक्टर म्हणाल्या, "ही पूर्ण कोरडी राहील याची मला खात्री नाही. आज लावलं तर लवकर निघू शकतं. थांबलो तर मधल्या काळात कीड धरू शकते. दोन्ही चालेल. तुम्ही सांगा."

मी सासूबाईंकडे पाहिलं. एरवी घरातलं मीठ संपलं तरी त्यांना मत असतं. त्यांनी हात झटकले. "तुई पोरगी. तू सांग."

"लावा," मी म्हटलं. "निघालं तर पुन्हा आणीन."

"आणि पुन्हा निघालं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुन्हा आणीन."

डॉक्टर हातमोजे घालायला वळल्या. पोर केव्हाच खुर्चीवर चढून तोंड उघडून बसली होती.