अंगठ्याएवढी कोरी जागा

गंज धरू नये म्हणून बंदुकीच्या नळीला निळाई चढवून देणारी दोन दुकानं शहरात होती. पुलापलीकडच्या नव्या दुकानात सगळं चकाचक, काम तासाभरात. दुसरं मिस्त्रींचं. तिथं आठ दिवस लागत आणि पैसे दुप्पट. वर बोलणी मिळत, ती तेवढी फुकट.

"किती पडतील?" बँकेच्या पहारेकऱ्यानं बंदूक टेबलावर ठेवत विचारलं.

"आठ दिवस."

"पैसे विचारले मी, मिस्त्री."

"पैशांचं होईल हो काहीतरी. आठ दिवस आहेत का तुमच्याकडं?"

"आहेत की. नवव्या दिवशी तपासणी. साहेब म्हणालाय, नळीवर गंज दिसला तर बंदूक इथं ठेव आणि तू घरी जा."

"मग पुलापलीकडं जायचं. तिथं तासात देतात."

"गेलो होतो. दुनळी घेत नाही म्हणाले."

मिस्त्रींना बरं वाटलं. "एवढी तरी अक्कल आहे म्हणायची. दोन्ही नळ्या कथिलानं जोडलेल्या असतात, राव. त्यांच्या त्या उकळत्या क्षारात बुडवली की कथिल गेलं! एक बंदूक देऊन याल आणि दोन नळ्या घेऊन जाल."

पहारेकरी हसला. पडद्यामागून मिस्त्रींच्या बायकोचा आवाज आला, "घ्या हो ठेवून. महिनाभर भिंतीच बघतोय आपण."

मिस्त्रींनी मान हलवली. बंदुकीला मात्र हात लावला नाही. त्यांचे दोन्ही हात टेबलाखाली, गुडघ्यांमध्ये दाबून धरलेले होते.

एकतीस वर्षं त्या हातांनी काम केलं होतं. नळी घासून लख्ख करायची. मग तिला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की तिथं औषध धरत नाही; दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या ठोकून त्यांनाच धरायचं. बोळ्यानं औषध लावायचं आणि ओलसर कपाटात रात्रभर टांगायची. सकाळी तांबडा गंज येतो. नळी पाण्यात उकळली की तो काळा होतो. तारेच्या बारीक लोकरीनं पुसायचा, पुन्हा औषध. असं आठ दिवस. शेवटी जी निळाई उतरते, तिच्यात आपला चेहरा दिसतो.

औषधात पारा होता. उकळताना त्याची वाफ व्हायची आणि मिस्त्री भांड्यावर वाकलेले असायचे.

मागल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. अर्धं पाणी टेबलावर सांडलं. "ती पाऱ्याची बाटली आता उघडायची नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नाही आणि घरातल्या कुणीही नाही. जो वाफेवर उभा राहील, त्याचे हात असेच होतील."

मिस्त्रींनी आणि बायकोनं, दोघांनीही ऐकलं. घराचं कुलूप काढताना ती म्हणाली, "बघून बघून सगळं येतं मला. खिडकी उघडी ठेवीन."

त्यावर मिस्त्रींनी काय म्हणायला हवं होतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. म्हणाले मात्र, "बोळा फार ओला करू नकोस. ओघळ येतात."

तेव्हापासून ते बाहेर बसून भाव सांगायचे आणि ती आत उकळायची. शाबासकी बाहेर मिळायची.

पहारेकऱ्याच्या बंदुकीच्या पाचव्या दिवशी तिनं चहाचा कप खाली आपटला. "कळकलाय हा! दूधवाला बदला आधी."

"स्टीलच्या भांड्यात चहा कळकतो होय?"

"मग माझी जीभ खोटं बोलते? तुमची तेवढी खरी!"

पूर्वी ती अशी तडकत नसे. आधी तोंडाला धातूची चव, मग चिडचिड, मग हात. क्रम मिस्त्रींना पाठ होता.

"बदलू दूधवाला," ते म्हणाले.

आठव्या दिवशी तेलाचा हात फिरवून तिनं नळी खिडकीपाशी ठेवली. मिस्त्री वाकून बघू लागले. निळाई उत्तम उतरली होती. त्यांनी कोपरानं नळी उलटी केली. खालच्या बाजूला अंगठ्याएवढी जागा कोरी होती, पांढरी, बारीक रेघांसकट.

"हे काय?"

"बंदुकीच्या लाकडाखाली झाकली जाते ती बाजू. कुणाला दिसतंय?"

"अंगठा कसा लागला?"

"पहिल्याच दिवशी, उचलताना खुंटी निसटली. पडायच्या आत धरली. दुसऱ्या दिवशी गंज आला, तेवढ्या जागी आला नाही, तेव्हा कळलं. पुन्हा घासून सुरू करायचं तर दिवस कुठून आणायचा?"

"वर्षभरात कधी निसटली नाही."

"वर्षभरात कधी कौतुकही केलं नाहीत. चुकले तेवढं बरं दिसलं!"

"हात पुढं कर."

"भाजी चिरायची आहे मला."

"कर म्हणतो ना."

तिनं ओढणीखालून उजवा हात काढला. बोटं पसरली. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग करंगळी हलू लागली. तिनं लगेच मूठ वळली.

"थंडी आहे," ती म्हणाली.

खिडकीतून ऊन तिच्या मनगटावर पडलं होतं.

संध्याकाळी पहारेकरी आला. बंदूक उलटीसुलटी करून खूश झाला. "झकास! साहेब आता हिलाच सलाम ठोकणार. वहिनी, यांना जरा भाव कमी करायला सांगा की."

"मी सांगितलं तर वाढवतील," ती पडद्याला धरून म्हणाली. पडदा हलत होता.

त्यानं पैसे दिले. उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आमच्या दुसऱ्या पाळीवाल्याकडंही दुनळीच आहे. गंजलीय. पाठवू का त्याला?"

मिस्त्रींनी पडद्याकडं बघितलं. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, मोकळ्या झालेल्या टेबलाकडं बघत होती. 'नाही' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"त्याला सांगा," ते म्हणाले, "नऊ दिवस लागतील."